तळपायांनी वाचायची फरशी

मेट्रोच्या फलाटावरची पिवळी, खडबडीत पट्टी पाय घसरू नये म्हणून बसवलेली असावी, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात दृष्टिहीन प्रवासी ती पट्टी काठीच्या टोकाने आणि तळपायाने वाचत असतात.

या फरशीचा जन्म जपानमधल्या ओकायामा शहरातला. सेइइची मियाके यांच्या मित्राची दृष्टी जाऊ लागली होती. त्याच्या काळजीपोटी त्यांनी १९६५ मध्ये ही फरशी घडवली आणि १८ मार्च १९६७ रोजी तिथल्या अंधशाळेजवळच्या चौकात अशा २३० फरश्या बसल्या.

तिची भाषा दोनच खुणांची. लांब उभट पट्ट्या म्हणजे या दिशेने चला. गोल टिकल्या म्हणजे थांबा, पुढे रस्ता, जिना किंवा फलाटाची कड आहे. जपानी मानकात या उंचवट्यांची उंची ५ मिलिमीटर आहे. तेवढी बुटातूनही जाणवते. पिवळा रंग अंधुक दिसणाऱ्यांसाठी, कारण करड्या जमिनीवर तो चटकन नजरेत भरतो.

पण टिकल्या फक्त ‘थांबा’ सांगतात, रूळ कोणत्या बाजूला हे सांगत नाहीत. दोन्ही बाजूंना गाड्या लागणाऱ्या फलाटावर ही उणीव जिवावर बेतू शकते. म्हणून जपानी स्थानकांत टिकल्यांना लागून, फलाटाच्या आतल्या बाजूला, एक सलग उंच रेघ जोडली गेली. रेघ लागली ती बाजू सुरक्षित.

पदपथाच्या कडेची गोष्ट याहून नाजूक. व्हीलचेअरसाठी तिथली पायरी काढून उतार हवाच. पण पदपथ संपल्याचे काठीला कळते ते त्याच पायरीवरून. जपानने तडजोड म्हणून २ सेंटिमीटरची पायरी राखली आणि तिच्याआधी टिकल्यांच्या फरश्या लावल्या.

आपल्या शहरांतही पदपथ नव्याने करताना या फरश्या बसतात. मात्र कुठे पट्टी थेट विजेच्या खांबावर जाऊन आदळते, कुठे तिच्यावर दुचाक्या लागतात, तर कुठे वळणावर टिकल्यांच्या जागी पट्ट्याच असतात. अशी फरशी नसलेली बरी, कारण तिच्यावर विसंबून माणूस पाऊल टाकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम करणे बंधनकारक केले आहे. तेव्हा कंत्राटदाराचे बिल मंजूर होण्याआधी पांढरी काठी वापरणाऱ्या दोघा-चौघांना त्या पदपथावरून चालायला बोलवावे आणि ते अडतील तिथली फरशी उखडून पुन्हा बसवून घ्यावी.