आहारचिकित्सेचे अध्यापन : मधुमेहाच्या पथ्याचे एक उदाहरण

रोगाच्या उपचारात आहाराचे स्थान काय, या प्रश्नाचे उत्तर आहारशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. परंतु समोर बसलेल्या रुग्णाने उद्या सकाळी नेमके काय व किती खावे, हे सांगण्याची वेळ आली म्हणजे तोच विद्यार्थी पुष्कळदा छापील तक्ता पुढे करतो. ज्ञान आणि उपयोग यांमधील हे अंतर कोठे पडते व अध्यापनाने ते कसे कमी करता येईल, याचा विचार मधुमेहाच्या उदाहरणावरून करणे सोयीचे आहे. कारण या रोगात जेवणाचा परिणाम काही तासांतच रक्तशर्करेच्या आकड्यात उमटतो आणि दिलेला सल्ला बरोबर होता की नाही, हे पडताळून पाहता येते.

इन्सुलिनपूर्व काळात आहारनियंत्रण हाच मधुमेहावरील जवळजवळ एकमेव उपचार होता. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी पुरस्कारिलेला अत्यल्प आहार उपासमारीच्या सीमेवरचा होता; त्याने रुग्णाचे आयुष्य काहीसे लांबे, पण शरीर अस्थिपंजर होई. 1921 मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला व जानेवारी 1922 मध्ये ते प्रथम रुग्णास टोचण्यात आले. तेव्हापासून प्रश्नाचे स्वरूपच पालटले. अन्न किती तोडावे, यापेक्षा अन्न, श्रम आणि औषध यांचा मेळ कसा घालावा, हा मुख्य प्रश्न झाला. हा मेळ रोजच्या रोज घालणारा वैद्य नसून स्वतः रुग्ण असतो, हे ओळखून बोस्टनचे इलियट जॉस्लिन यांनी रुग्णशिक्षणास उपचारात मानाचे स्थान दिले.

1950 मध्ये अमेरिकेत विनिमय-याद्यांची पद्धती प्रसिद्ध झाली. जवळपास सारखी पोषणमूल्ये असणाऱ्या पदार्थांचा एक गट करावयाचा व त्या गटात ठराविक मापाने एकाच्या जागी दुसरा पदार्थ घेण्याची मोकळीक रुग्णास द्यावयाची, हे तिचे सूत्र होय. सूत्र उत्तम आहे. मात्र त्यातील पावाचा काप ही बऱ्याच अंशी ठरीव आकाराची वस्तू आहे. भाकरीचे तसे नाही.

भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांची माहिती अपुरी आहे, अशी सबब आता सांगता येणार नाही. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी 1918 मध्ये सुरू केलेल्या संशोधनकार्यातून वाढलेली आणि 1958 मध्ये हैदराबादला हलविण्यात आलेली संस्था पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तिने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत 528 अन्नपदार्थांचे पृथक्करण दिलेले आहे. उणीव आहे ती 100 ग्रॅम पिठाचा आकडा आणि परातीतील उंडा यांना जोडणाऱ्या दुव्याची.

हा दुवा एका हिशेबाने स्पष्ट होईल. एखाद्या रुग्णास दिवसाला 1500 किलोकॅलरींचा आहार ठरविला आणि त्यातील निम्मी ऊर्जा कर्बोदकांतून घ्यावयाची म्हटली, तर 750 किलोकॅलरी कर्बोदकांच्या वाट्यास येतात. एक ग्रॅम कर्बोदकापासून 4 किलोकॅलरी मिळत असल्यामुळे हे प्रमाण सुमारे 188 ग्रॅम होते. त्यातून 300 मिलिलिटर दुधाचे 15, तूरडाळीच्या 50 ग्रॅमचे 28 आणि भाज्या व एखादे फळ यांचे मिळून अंदाजे 30 ग्रॅम वजा केले, तर धान्यासाठी 115 ग्रॅम उरतात. ज्वारीच्या अथवा गव्हाच्या 100 ग्रॅम पिठात कर्बोदके 65 ते 70 ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे 40 ग्रॅम मिळतात, आणि तक्त्यात ‘दिवसाला तीन भाकरी’ असे लिहिले जाते.

येथवर विद्यार्थी चुकलेला नाही. परंतु रुग्णाच्या घरी भाकरीचा उंडा 90 ग्रॅम पिठाचा असेल, तर त्याच तीन भाकरींतून 120 ऐवजी 180 ग्रॅम कर्बोदके पोटात जातात आणि रोज सुमारे 240 किलोकॅलरींची भर पडते. रुग्णाने तक्ता अक्षरशः पाळला, तरी साखर उतरत नाही. मग त्याच्यावर पथ्य मोडल्याचा आळ येतो, किंवा औषधाची मात्रा वाढविली जाते. ज्याने काहीही मोडले नाही, त्याला दोषी ठरविणारे हे शास्त्र शिकवून उपयोग काय, हा प्रश्न अध्यापकाने स्वतःस विचारावयास हवा.

याच हिशेबाने आणखी एक समजूत तपासता येते. भाकरी चालते, पोळी चालत नाही, असे सर्रास सांगितले जाते. 1981 मध्ये डेव्हिड जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्करा-निर्देशांकाची कल्पना मांडली. कर्बोदकांचे प्रमाण समान असूनही निरनिराळे पदार्थ रक्तशर्करा कमीअधिक वेगाने वाढवितात, हे तीमुळे मोजता आले. तथापि वेगाचा विचार प्रमाणाच्या विचाराची जागा घेऊ शकत नाही. 25 ग्रॅम पिठाचा एक फुलका आणि 90 ग्रॅमची एक भाकरी यांची तुलना धान्याच्या नावावरून करणे व्यर्थ आहे.

उपवासाचा विषय याहून नाजूक आहे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट होय : त्याच्या 100 ग्रॅममध्ये कर्बोदके सुमारे 87 ग्रॅम असतात व प्रथिने नाममात्र. खिचडीतील दाण्याच्या कुटाने पचनाची गती काहीशी मंदावते, पण साबुदाण्याचे प्रमाण त्याने घटत नाही. उलटपक्षी, निर्जळी उपवास करणाऱ्या रुग्णाने इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखे औषध नेहमीच्या मात्रेत घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली आकडा गेल्यास शुद्धीवर असलेल्या रुग्णास साधारण 15 ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्यावी व 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी, हे विद्यार्थ्यास ठाऊक असतेच. पण एकादशी कशी करता, हा प्रश्न आदल्या भेटीतच विचारावा, हे त्यास शिकवावे लागते. उपवास करूच नका, एवढेच सांगितले तर रुग्ण तो लपवून करील. म्हणून औषधाच्या मात्रेविषयी वैद्याशी आधी विचारविनिमय होणे अवश्य आहे.

पथ्य कायमचे नसते, हेही येथेच शिकवावे. मधुमेहातून मूत्रपिंडाचा विकार उद्भवला व रक्तातील पोटॅशियम वाढू लागले, म्हणजे काल हितकर म्हणून सुचविलेले शहाळ्याचे पाणी आज वर्ज्य ठरते. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे लागते.

या विवेचनावरून अध्यापनाचा क्रम सहज सुचतो. प्रथम रोगाची प्रक्रिया व आहाराचे उद्दिष्ट. नंतर पोषणमूल्यांचे गणित. त्यानंतर प्रत्यक्ष स्वयंपाकगृहातील मापन. प्रत्येक विद्यार्थ्याने निदान तीन-चार घरांतील उंडे, वाट्या व पळ्या वजनकाट्यावर मोजून त्यांची नोंद ठेवावी. चौथी पायरी संभाषणाची : गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले, हे न दरडावता विचारणे, आणि घरात रांधणाऱ्या व्यक्तीसही त्या बोलण्यात सामील करून घेणे. शेवटची पायरी पडताळ्याची : जेवणानंतरची साखर आणि सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी हिमोग्लोबिन ए-वन-सी चाचणी यांच्या आधारे आपलाच सल्ला दुरुस्त करणे.

प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याकडून केवळ तक्ता लिहून घेण्यापेक्षा, एका कुटुंबाच्या रोजच्या शिध्यातूनच रुग्णाचे ताट वाढून दाखविण्यास सांगावे, आणि त्या ताटाचा हिशेब मागावा. घरातील इतरांसाठी निराळी चूल न मांडता ते ताट वाढता आले, तर ते पथ्य पुढच्या महिन्यातही पाळले जाण्याचा संभव अधिक राहील.