पान न बदलता: वेबवरच्या ॲपची अवजारे आणि बुलढाणा जिल्हा

वेबचे पान मुळात वाचण्यासाठी होते. दुव्यावर टिचकी मारली की जुने पान जाई आणि सर्व्हरकडून पूर्ण नवे पान येई. रिच इंटरनेट ॲप्लिकेशन ही यापुढची पायरी. पान जागचे हलत नाही, त्यातला लागेल तेवढाच भाग बदलतो, आणि बरेचसे काम सर्व्हरऐवजी वापरणाऱ्याच्या यंत्रावर होते. अशी ॲप्लिकेशन बांधण्यासाठी लागणारी तयार सामग्री म्हणजे फ्रेमवर्क. घर बांधताना चौकट आणि सेंटरिंग आधीच मिळावे, तसे.

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढणाऱ्याला ही गोष्ट रोज दिसते, नाव ठाऊक नसले तरी. आधी विभाग अमरावती, मग जिल्हा बुलढाणा, मग १३ तालुक्यांपैकी एक, मग गाव, मग गट क्रमांक. प्रत्येक निवडीवर पुढची यादी अवलंबून. अशी साखळी दोन प्रकारे बांधता येते. पहिल्या प्रकारात दर निवडीला पूर्ण पान नव्याने येते: बोधचिन्ह, मथळा, सूचना, सगळे पुन्हा. दुसऱ्यात फक्त यादी येते. समजा एखाद्या तालुक्यात दीडशे गावे आहेत. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘मेहकर’ पाच चिन्हांचे, म्हणजे १५ बाइटचे; ‘देऊळगाव राजा’ मधल्या मोकळ्या जागेसह ३४ बाइटचे. गावांचे संकेतांक जोडले तरी सगळी यादी चार-पाच किलोबाइटच्या वर जात नाही. सजवलेले पूर्ण पान याच्या कितीतरी पट जड असते, आणि वावरात उभे राहून सातबारा पाहणाऱ्याला तो भार चार वेळा सोसावा लागतो.

‘रिच इंटरनेट ॲप्लिकेशन’ हे नाव २००२ मध्ये मॅक्रोमीडिया कंपनीने प्रचारात आणले. कंपनीतल्या जेरेमी अलेअर यांच्या त्या वर्षीच्या टिपणात ते आले. त्या वेळचा ब्राउझर अशा कामाला अपुरा होता. वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्राउझर एकच पान वेगवेगळे दाखवत. म्हणून त्या काळचा मार्ग होता प्लगइनचा: ब्राउझरच्या आत दुसरे छोटे इंजिन बसवायचे आणि ॲप्लिकेशन त्यात चालवायचे. जावाची ॲप्लेट १९९५ पासून होती. १९९६ साली फ्यूचरस्प्लॅश नावाने आलेले साधन मॅक्रोमीडियाने विकत घेतले आणि त्याचे फ्लॅश झाले. नुसत्या ॲनिमेशनसाठी जन्मलेल्या फ्लॅशवर व्यावसायिक ॲप्लिकेशन रचता यावीत यासाठी २००४ मध्ये फ्लेक्स आले. २००५ अखेर अडोबीने मॅक्रोमीडिया घेतली. मायक्रोसॉफ्टचे सिल्व्हरलाइट २००७ मध्ये आणि सन कंपनीचे जावाएफएक्स २००८ मध्ये उतरले.

प्लगइनने दिले पुष्कळ: चित्रफीत, आलेख, ओढून ठेवता येणाऱ्या वस्तू, सर्व ब्राउझरांत एकसारखा पडदा. पण मराठी मजकूर दाखवणे फ्लॅशला बराच काळ जमले नाही. ‘चिखली’ हा शब्द घ्या. साठवताना क्रम ‘च’, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ‘ख’ असा असतो. दाखवताना मात्र वेलांटी ‘च’च्या आधी काढावी लागते. जोडाक्षरांत तर चिन्हांचा आकारच बदलतो. अशी फेररचना करणारी मजकूर-यंत्रणा फ्लॅशमध्ये २००८ च्या दहाव्या आवृत्तीपासून आली. तोवर मराठी मजकूर हवा असेल तर अक्षरांची चित्रे लावणे किंवा इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले जुने फॉन्ट वापरणे, एवढेच हाती होते. चित्रातला मजकूर शोधता येत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक इंग्रजी अक्षरे होऊन दिसतो. एका भाषेची सोय यंत्रणेत मुळापासून नसली की तिच्या लोकांना काय किंमत मोजावी लागते, याचे हे ठळक उदाहरण.

दुसरी किंमत जावाने वसूल केली. महाराष्ट्र शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर जिल्ह्यातल्या ग्रामीण रस्त्यांपासून पाणीपुरवठ्यापर्यंतच्या कामांच्या निविदा भराव्या लागतात, आणि त्या डिजिटल सहीने. सहीची किल्ली असते यूएसबी टोकनमध्ये. ब्राउझरला थेट त्या टोकनापर्यंत पोचता येत नाही. म्हणून दीर्घकाळ तिथे जावा बसवणे सक्तीचे होते. जावाची ठरावीक आवृत्ती, तिला चालणारा ब्राउझर, सुरक्षेच्या यादीत संकेतस्थळाची नोंद, यांतले एक बिघडले तरी सही अडे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीच्या प्लगइनचा आधार पूर्ण काढला. पुढे सहीसाठी संगणकावर वेगळा छोटा कार्यक्रम बसवण्याची पद्धत आली.

प्लगइनचा शेवट मात्र मोबाइलने केला. आयफोनने फ्लॅश कधीच घेतले नाही. स्टीव्ह जॉब्ज यांनी एप्रिल २०१० मध्ये जाहीर पत्र लिहून त्याची कारणे सांगितली. अडोबीने नोव्हेंबर २०११ मध्ये मोबाइलवरच्या फ्लॅशचे काम थांबवले आणि फ्लेक्स अपाची प्रतिष्ठानाकडे सोपवले. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला, १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर उघडेनासा झाला. सिल्व्हरलाइटचा आधार त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला बंद झाला. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला हा बदल फायद्याचाच ठरला, कारण इथल्या असंख्य घरांत इंटरनेट संगणकातून आलेच नाही. ते थेट फोनवरून आले, आणि २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाल्यावर झपाट्याने आले.

प्लगइनशिवायचा मार्ग आधीच तयार होत होता. पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत दिली होती. आउटलुकची टपाल वेबवर दाखवण्यासाठी ती हवी होती. १ एप्रिल २००४ ला आलेल्या जीमेलने आणि फेब्रुवारी २००५ मधल्या गूगल मॅप्सने तिचे सामर्थ्य जगाला दाखवले. त्याच फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला ‘एजॅक्स’ असे नाव दिले.

नकाशा हे या तंत्राचे सर्वांत समजण्याजोगे रूप आहे, आणि त्यासाठी जिल्ह्यातल्या लोणारइतके नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही. उल्कापाताने झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. वेबवरचा नकाशा हे एक अखंड चित्र नसते. पृथ्वीचा सपाट केलेला नकाशा २५६ बाय २५६ पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांत कापून ठेवलेला असतो. शून्य पातळीवर अख्खे जग एका तुकड्यात मावते. दर पातळीला प्रत्येक तुकड्याचे चार होतात. पंधराव्या पातळीवर तुकड्यांची संख्या होते चारचा पंधरावा घात, म्हणजे १०७ कोटींहून अधिक. या पातळीवर लोणारच्या अक्षांशावर, म्हणजे जवळपास २० अंश उत्तरेला, एक पिक्सेल सुमारे साडेचार मीटर जमीन दाखवतो. विवराचा व्यास भरतो साधारण ४०० पिक्सेल, म्हणजे दोन तुकड्यांपेक्षाही कमी. ३६० बाय ६४० पिक्सेलच्या फोनच्या पडद्याला एका वेळी जास्तीत जास्त १२ तुकडे लागतात. १०७ कोटींतले १२! उपग्रहचित्राचा एक तुकडा २० किलोबाइटचा धरला तर अडीचशे किलोबाइटच्या आत विवर पडद्यावर येते.

बोटाने नकाशा दैत्यसूदन मंदिराकडे सरकवला की ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतला कार्यक्रम हिशोब करतो: कोणते तुकडे पडद्याबाहेर गेले, कोणते नवे हवेत. नवे तेवढेच मागवले जातात. जुने स्मृतीत राहतात, परत आल्यास पुन्हा आणावे लागत नाहीत. ओपनलेयर्स (२००६) आणि लीफलेट (२०११) ही मुक्त अवजारे हे सगळे काम तयार देतात. लीफलेटचा मूळ भाग दाबून साठवल्यावर फक्त चाळीसेक किलोबाइटचा उरतो. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ‘भुवन’ १२ ऑगस्ट २००९ रोजी सुरू झाले, तेव्हा त्रिमित दृश्यासाठी वेगळे प्लगइन उतरवून घ्यावे लागत असे. आज ब्राउझरला त्रिमित चित्र स्वतः काढता येते. सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले आणि त्याच वर्षी लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. अशा जागेची निरनिराळ्या तारखांची उपग्रहचित्रे एकावर एक ठेवून पडदा सरकवत पाहणे हे आता सामान्य वेबपानाचे काम आहे, आणि शाळेतल्या मुलांना भूगोल शिकवण्यासाठी याहून चांगले साधन क्वचितच असेल.

तुकड्यांच्या चित्राला स्पर्श केला तरी ती जागा कोणत्या गटाची हे चित्राला माहीत नसते. गटाच्या सीमा दाखवणाऱ्या नकाशात म्हणून चित्राऐवजी बिंदूंच्या रेषा पाठवता येतात. मग एका गटावर बोट ठेवताच त्याचा क्रमांक उजळतो.

ब्राउझरमधले जावास्क्रिप्ट हाताने लिहिणे किचकट होते. २००६ च्या जानेवारीत जॉन रेसिग यांनी जेक्वेरी आणली आणि ब्राउझरांतले फरक तिने झाकले. त्याच वर्षी गूगलने जावात लिहून जावास्क्रिप्टमध्ये उतरवण्याचे साधन दिले. २०१० मध्ये बॅकबोन आणि अँग्युलरजेएस आले, मे २०१३ मध्ये फेसबुकचे रिॲक्ट, २०१४ मध्ये इव्हान यू यांचे व्ह्यू, २०१६ मध्ये रिच हॅरिस यांचे स्वेल्ट.

या यादीत खरा वळणबिंदू एकच आहे. पीकपेरा भरण्याचा पडदा डोळ्यांपुढे आणा. गट २ हेक्टरचा. सोयाबीन १ हेक्टर २० आर, तूर ४० आर, शिल्लक ४० आर. शेतकऱ्याने सोयाबीनचा आकडा १ हेक्टर ४० आर केला. आता एकूण पेरा बदलला पाहिजे, शिल्लक २० आर दिसली पाहिजे, आणि बेरीज गटाबाहेर गेली असती तर इशारा यायला हवा होता. जेक्वेरीच्या पद्धतीत पडद्यावरचा हा प्रत्येक बदल प्रोग्रामरला स्वतंत्र सांगावा लागे. एक विसरला की पडद्यावर दोन आकडे एकमेकांशी भांडू लागत. रिॲक्टच्या पद्धतीत माहिती एका जागी ठेवायची आणि ‘माहिती अशी असेल तर पडदा असा दिसावा’ एवढेच लिहायचे. काय बदलायचे ते फ्रेमवर्क शोधते. स्वेल्ट हे शोधकाम आधीच, कार्यक्रम तयार होतानाच उरकते, त्यामुळे फोनवर कमी भार जातो. शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या १९८३ पासूनच्या संस्थांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला फ्रेमवर्कची नावे बदलत राहतील. हे तत्त्व मात्र त्याला कायम पुरेल.

फ्रेमवर्क फुकट नसते. रिॲक्ट आणि त्याचा ब्राउझरचा भाग मिळून दाबलेल्या रूपात चाळीसेक किलोबाइट होतात. सेकंदाला १०० किलोबिटच्या रेंगाळत्या जोडणीवर एवढ्यालाच तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो, वर ॲपचा स्वतःचा मजकूर वेगळा. खामगाव किंवा मलकापूरच्या बाजारपेठेत हे जाणवणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या डोंगराकडच्या गावांत ते जाणवते. साधनाची परीक्षा तिथे व्हायला हवी. पहिले पान सर्व्हरवरूनच तयार येऊ द्यावे, जावास्क्रिप्ट नंतर यावे, आणि ते आलेच नाही तरी अर्ज भरता यावा, ही रचना म्हणूनच शहाणपणाची. नेटवर्क तुटले तर काय, याचेही उत्तर वेबकडे आहे. गूगलने २००७ मध्ये गिअर्स नावाचा प्रयोग केला होता, तो टिकला नाही. आता सर्व्हिस वर्कर ही ब्राउझरचीच सोय आहे. ती पानाच्या आणि सर्व्हरच्या मध्ये उभी राहते, पाने फोनवर साठवते, आणि भरलेली माहिती जोडणी परत येईपर्यंत जपून ठेवता येते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी हे वेबपान नव्हे, फोनवर बसवायचे ॲप आहे. पण शिवारातली गरज तिने नेमकी ओळखली. शेतकरी स्वतः गटात जाऊन पिकाचा फोटो काढतो, फोटोसोबत अक्षांश-रेखांश जातात, आणि नेटवर्क नसेल तर नोंद साठवून नंतर अपलोड करता येते. कॅमेरा, स्थान आणि फोनवरची साठवण या तिन्ही गोष्टी आता ब्राउझरलाही मिळतात. त्यामुळे अशी नोंद पुढे नुसत्या वेबपानावरूनही करता येण्यात तांत्रिक अडथळा उरलेला नाही.

मराठीचा एक प्रश्न मात्र कोणतेही फ्रेमवर्क आपोआप सोडवत नाही. बुलढाणा ज्या प्रदेशात आहे त्या ‘वऱ्हाड’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पहिला शब्द १८ बाइटचा, दुसरा २१ बाइटचा, आणि संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. तलाठ्याने नाव एका पद्धतीने टंकित केले आणि खातेदाराने दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर आपलेच वावर त्याला सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणित एकसारखेपणाचे नियम हा भेद मिटवत नाहीत. तो शोधण्याआधी कार्यक्रमात मुद्दाम मिटवावा लागतो. क्रमाचेही तसेच. जावास्क्रिप्टची साधी क्रमवारी ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढे ठेवते, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ब्राउझरमध्ये २०१२ पासून प्रमाणित झालेल्या भाषावार तुलनेच्या सोयीला मराठीचा संकेत दिला की ‘ळ’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ आपापल्या जागी जातात. त्यासाठी कार्यक्रमात जेमतेम एक ओळ वाढते.