ईमेलची पेटी भरली तर?

धानाची कोठी भरली की नवे धान बाहेर राहते, हे आपल्या बालाघाट जिल्ह्यात कोणास सांगावयास नको. ईमेलचेही तसेच. २००४ साली जीमेल १ जीबी जागा घेऊन आले. आज विनामूल्य खात्यास १५ जीबी मिळते, पण तीतच ड्राइव्हमधील फाइली व गूगल फोटोतील छायाचित्रेही येतात. जागा संपली की नवे पत्र पाठविणाऱ्याकडे परत जाते. मग ते मुलाखतीचे बोलावणे का असेना! म्हणून प्रथम १० एमबीहून मोठ्या फाइली जोडलेली पत्रे शोधावीत. हवी ती फाइल संगणकावर उतरवून पत्र काढून टाकावे. अशा एका पत्राच्या जागेत १० केबीची सुमारे हजार पत्रे मावतात. शेवटी ट्रॅशही रिकामा करावा. तेथील पत्रे ३० दिवस जागा अडवून बसतात.