हात दाखवा, रेल्वे थांबवा

विनंती थांबा : वेळापत्रकात वेळ छापलेली असते, पण चढणारे-उतरणारे कोणी असेल तरच गाडी थांबते.

- ब्रिटनमधली जुनी रीत : उतरायचे असेल तर गार्डला आधी सांगायचे. चढायचे असेल तर फलाटावर चालकाला दिसेल असे उभे राहून हात करायचा, आपल्या एसटीला करतात तसाच. चालक वेग कमी करत येतो. फलाट रिकामा दिसला की पुढे निघतो.
- बटण : स्कॉटलंडच्या इनव्हर्नेस–विक मार्गावरील स्कॉट्सकॅल्डर स्थानकात 2022 मध्ये बसवले. दाबताच रेडिओ यंत्रणेतून चालकाला संदेश जातो. कोणी नसेल तर वेग कमी करावा लागत नाही.
- स्वित्झर्लंड : बटणे डब्यातही आणि फलाटावरही.
- कॅनडा : विनिपेग–चर्चिल मार्गावर रानातल्या थांब्यांसाठी आगाऊ कळवावे लागते.
- गल्लत नको : भारतातला ‘हॉल्ट’ वेगळा. तिथे थांबा असलेली गाडी प्रवासी असो-नसो थांबते. तिकिटे अनेकदा कमिशनवरचा एजंट विकतो. भारतातले ‘फ्लॅग स्टेशन’ही विनंती थांबा नव्हे; ते म्हणजे दोन गाड्यांत अंतर राखणाऱ्या ब्लॉक यंत्रणेत वाटा नसलेले स्थानक.