नाकाचा दांडा बदलण्याआधी

दोन भुवयांच्या मधून सुरू होऊन शेंड्याकडे उतरणारा नाकाचा दांडा बाहेरून एकसंध दिसतो, पण आतून तो दोन वेगळ्या पदार्थांचा असतो. वरचा सुमारे एक तृतीयांश भाग हाडाचा असतो. दोन लहान, पातळ हाडं तिथं मध्यरेषेवर एकमेकांना टेकलेली असतात. त्याखाली कूर्चा असते, म्हणजे कानाच्या वरच्या भागात हाताला लागते तशी वाकणारी, पण पुन्हा जागेवर येणारी चकती. चष्मा टेकतो तिथं बोट ठेवून हळूहळू खाली आणलं, तर हाड संपून कूर्चा कुठं लागते ते लगेच कळतं. या कूर्चेला आतून नाकाचा पडदा तोलून धरतो, तंबूच्या मधल्या खांबासारखा. पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये जेमतेम दहा-पंधरा अंशांचा कोन असतो आणि तीच श्वासाच्या वाटेतली सर्वांत अरुंद जागा. म्हणून दांड्याला हात लावणारी कोणतीही शस्त्रक्रिया दिसण्यापुरती राहत नाही. ती श्वासाच्या वाटेवरही होते.

दांड्याबद्दल लोकांच्या तक्रारी मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. एक, मधे उंचवटा असून नाक बाकदार दिसतं. दोन, दांडा बसका आहे किंवा मधेच खचला आहे. तीन, तो एका बाजूला कललेला आहे. उंचवटा बहुधा जन्मजात ठेवणीचा असतो आणि आई-वडिलांपैकी कुणाच्या तरी चेहऱ्यावर सापडतो. त्यात हाडापेक्षा कूर्चेचा वाटा अनेकदा मोठा असतो. कललेल्या नाकामागे मात्र पुष्कळदा मार असतो. विदर्भातल्या वाशिम, रिसोड, मानोऱ्याच्या रस्त्यांवर मोटारसायकलवरून पडणं, कबड्डीत समोरच्याचं कोपर लागणं, गोठ्यात जनावराच्या शिंगाचा फटका बसणं, ही त्याची नेहमीची कारणं.

या माराबद्दल एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. नाकावर मार बसल्यावर पडद्याच्या आवरणाखाली रक्त साकळलं तर कूर्चेचा रक्तपुरवठा तुटतो, कारण कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण त्या आवरणातूनच होतं. साकळलेलं रक्त वेळेवर काढलं नाही तर काही दिवसांत कूर्चा मरते, त्यात पू झाला तर आणखी लवकर, आणि पुढं दांडा खोगिरासारखा खचतो. मार बसलेल्या मुलाचं नाक दोन्ही बाजूंनी बंद झालं आणि दुखणं वाढत गेलं, तर सूज उतरायची वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावं. नुसतं हाड मोडलं असेल तर ते जागेवर बसवायला साधारण एक ते दोन आठवडे हाताशी असतात, मुलांमध्ये त्याहून कमी. नंतर ते वाकड्या जागीच जुळतं. पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी कितीतरी या पहिल्या दिवसांतच टळू शकतात.

खचलेल्या दांड्याचं दुसरं कारण विदर्भाच्या आठवणीत खोल रुतलेलं आहे. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात आणि आत-बाहेर वाहणाऱ्या हवेमुळं नाकाचं अस्तर थंड असतं. उपचार न झालेल्या रोग्यांत पडद्याची कूर्चा झडून जाई आणि दांडा बसे. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी ज्यांना आसरा दिला, त्यांपैकी अनेकांना रोग बरा झाल्यावरही समाजानं ओळखलं ते याच खुणेवरून. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जन सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात आणि पुढं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या. अशा नाकाची बाहेरची त्वचा बहुधा शाबूत असते. आतलं अस्तर आक्रसून तिला आत ओढत असतं. ते सोडवून आतून नवी त्वचा लावली की बसलेलं नाक वर येतं. माणसाला कामावर आणि गावात परत जाता यावं म्हणून केलेल्या या शस्त्रक्रियेला नुसती सौंदर्याची शस्त्रक्रिया म्हणणं अन्यायाचं होईल.

नाकाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात महाराष्ट्राचं स्थान मोठं आहे. सुश्रुतसंहितेत नाकाच्या मापाचं पान कापून तेवढी गालाची त्वचा उचलायची आणि श्वासासाठी आत नळ्या ठेवायच्या, अशी पद्धत सांगितली आहे. पुण्याजवळच्या कारागिरांकडे मात्र कपाळाची त्वचा वापरण्याची रीत होती. १७९२च्या युद्धात इंग्रज फौजेत बैल हाकणारा, शेतकरी जातीतला कावसजी नावाचा मराठा टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभरानं पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाच्या पातळ पत्र्याला नाकाचा आकार देऊन, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेनं रेघ आखली. मग तेवढी त्वचा सोलून, दोन डोळ्यांमधला जोड शाबूत ठेवून, ती वळवून खाली आणली. त्यावर काताच्या लगद्याच्या पट्ट्या बसवल्या, पुढं तुपात भिजवलेलं कापड लावलं. वरचा जोड सुमारे पंचविसाव्या दिवशी कापला, तोवर त्वचा नव्या जागी रुजलेली होती. मुंबई इलाख्यातले इंग्रज डॉक्टर क्रूसो आणि फिंडले यांनी ही रीत पाहिली, चित्रकार जेम्स वेल्स यांनी कावसजीचं चित्र काढलं आणि ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिगत छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यविशारदानं १८१४मध्ये असं ऑपरेशन केलं आणि १८१६मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कपाळाच्या त्वचेचं नाक आजही जगभर केलं जातं, मुख्यतः कर्करोगात नाक गेलेल्यांसाठी. त्या कारागिराचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही, याची रुखरुख लागते.

पुण्याच्या त्या नाकात दांडा नव्हता, होती फक्त त्वचा. नाकाला बाहेरचं आवरण, आतलं अस्तर आणि मधला आधार असे तीन थर लागतात. त्यातला आधार उभा करणं सर्वांत अवघड ठरलं. आजच्या दांड्याच्या शस्त्रक्रियेचा सगळा कस याच आधारावर लागतो. उंचवटा असलेल्या नाकात तो कमी करतात, बसक्या नाकात भर घालतात, पण दोन्हींत आधार शाबूत ठेवावा लागतो. आतून चीर देऊन, बाहेर व्रण न ठेवता नाकाचा आकार कमी करण्याची पद्धत अमेरिकेत जॉन रो यांनी १८८७मध्ये मांडली, आणि बर्लिनमध्ये जाक जोसेफ यांनी १८९८पासून या शस्त्रक्रियेला शास्त्रीय बैठक दिली. सुरुवातीच्या काळात उंचवटा कापून टाकण्यावर भर होता. हा उंचवटा काढला की दांड्याचं छप्पर उघडं पडतं आणि ते मिटवण्यासाठी दोन्ही बाजूंची हाडं तोडून आत आणावी लागतात. कूर्चा जास्त कापली तर काही वर्षांत दांडा मधे चिमटल्यासारखा होतो आणि श्वास अडतो. म्हणून आता जिथं कापलं, तिथं पडद्याच्या दोन्ही बाजूंना कूर्चेच्या बारीक पट्ट्या बसवून वाट रुंद ठेवतात. काही शल्यविशारद वरचं छप्पर जसंच्या तसं ठेवून त्याखालचा पडदा कमी करतात आणि अख्खा दांडा खाली बसवतात. ही कल्पनाही शंभर वर्षांहून जुनी आहे, अलीकडे ती पुन्हा पुढं आली आहे.

बसका दांडा उंच करायचा तर भर कशाची घालायची, हा खरा प्रश्न. पहिली पसंती रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चेला असते. थोडी हवी असेल तर पडद्यातली किंवा कानामागून काढलेली, जास्त हवी असेल तर बरगडीची. बरगडीची कूर्चा भरपूर मिळते, पण ती पुढं वाकू शकते आणि छातीवर व्रण राहतो. सिलिकॉनची पट्टी सोपी असते आणि पूर्व आशियात ती फार वापरली गेली आहे. तिच्यात जंतुसंसर्ग होण्याचा किंवा पातळ त्वचेतून ती बाहेर येण्याचा धोका मात्र आयुष्यभर राहतो. हाड आणि कूर्चा जिथं मिळतात, तिथं दांड्यावरची त्वचा सर्वांत पातळ असते, त्यामुळं लहानशी खडबडही बाहेरून दिसते.

‘विनाऑपरेशन नाक’ म्हणून ज्याची जाहिरात होते, ते बहुतेकदा हायलुरॉनिक आम्लाचं इंजेक्शन असतं. त्यानं उंचवट्याच्या वर-खाली भर घालून दांडा सरळ भासवता येतो आणि काही महिन्यांनी ही भर विरघळते. त्यानं नाक लहान होत नाही, श्वासही सुधारत नाही. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. द्रव चुकून त्यांत गेला तर त्वचा काळी पडून सडू शकते, क्वचित कायमची दृष्टी जाते. असं घडल्यास मिनिटांमिनिटांचा हिशेब असतो आणि उतारा द्यायला औषध व जाणकार डॉक्टर हाताशी लागतो. ब्यूटी पार्लरमध्ये हे इंजेक्शन घेणं म्हणजे डोळ्यांशी खेळ आहे, इतकं स्पष्ट सांगायला हवं.

निर्णयाचा पहिला भाग आरशासमोरचा. हल्ली पुष्कळांना आपलं नाक मोठं वाटू लागतं ते मोबाइलच्या फोटोंवरून. २०१८मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त दिसते, असं गणितानं दाखवलं आहे. हनुवटी मागे असली तरी नाक पुढं आल्यासारखं वाटतं. आणि आदर्श नाकाची जी मापं सांगितली जातात, ती बरीचशी युरोपीय चेहऱ्यांवरून घेतलेली आहेत. मराठी चेहऱ्यावर ती उपरी दिसतात. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ म्हणणाऱ्या समाजात स्थळं पाहताना मुलीच्या नाकाबद्दल बोललं जातं, हे खरं आहे. पण दुसऱ्याच्या आग्रहावरून केलेल्या शस्त्रक्रियेनं समाधान मिळणं अवघड असतं. इतरांना जेमतेम दिसणारा दोष ज्याच्या मनात दिवसभर घोळतो, त्यानं आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावं. अशा अवस्थेत नाक बदलूनही मन शांत होत नाही.

नाकाची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मुलींत साधारण पंधरा-सोळा आणि मुलग्यांत सतरा-अठरा वर्षांपर्यंत, थांबतात. तज्ज्ञ निवडताना प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीआरएनबी, अथवा कान-नाक-घसा शास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि नाकाच्या शस्त्रक्रियांचा प्रत्यक्ष अनुभव पाहावा, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणी तपासावी. वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४मध्ये सुरू झालं. त्याआधीपासून अकोल्याचं आणि नागपूरचं महाविद्यालय इथल्या रुग्णांचा आधार आहे. प्लास्टिक सर्जरीचा देशातला पहिला स्वतंत्र विभाग नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातच १९५८मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी सुरू केला. निव्वळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य योजनांत किंवा बहुतेक विम्यांत बसत नाही. अपघात, वाकडा पडदा किंवा श्वासाचा अडथळा असेल तर विचारून घ्यावं.

खर्रा, गुटखा, सिगारेट शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून आणि जखम भरेपर्यंत बंद ठेवावी लागते, कारण निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचेला रक्त कमी पडतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगाव्यात, त्या मनानं बंद करू नयेत. शस्त्रक्रिया सहसा पूर्ण भूल देऊन होते. नाकावरची पट्टी आठवडाभर राहते, डोळ्यांभोवतीची काळसर सूज एक-दोन आठवड्यांत उतरते. चार ते सहा आठवडे दांड्यावर चष्म्याचा भार नको, नाक जोरात शिंकरू नये, आणि विदर्भातलं ऊन पाहता टोपी-रुमालाशिवाय बाहेर पडू नये. शेवटची सूज जायला वर्षभर लागतं, म्हणून लग्नाच्या तोंडावर ही शस्त्रक्रिया करू नये. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना पुढं दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागते. तीही वर्ष उलटल्याशिवाय करत नाहीत. पहिल्या वेळी पडद्याची कूर्चा वापरून झाली असेल, तर त्या वेळी कान किंवा बरगडीकडे वळावं लागतं. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेत काय कापलं, काय बसवलं आणि कुठून घेतलं, याची लेखी नोंद आणि आधीचे फोटो रुग्णानं रुग्णालयातून मागून घेऊन घरी जपून ठेवावेत.