मातीच्या तेरा तुकड्यांची साक्ष

विरारच्या मनवेलपाड्यापासून नालासोपारा फार लांब नाही. विरारच्या शेजारचेच ते स्टेशन. तेथे पश्चिमेला विटांचा एक जुना स्तूप आहे. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. हे गाव म्हणजेच प्राचीन शूर्पारक बंदर. बुद्धांसाठी येथे चंदनाचा प्रासाद उभारण्यात आला व ते आकाशमार्गाने येथे आले, अशी कथा ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात आहे. ही कथा इतिहास म्हणून स्वीकारावी काय?

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप खोदला. आत दगडी पेटी निघाली. तीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक एकात एक ठेवलेले होते. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलालांना वाटले.

आता एक साधा नियम लक्षात घ्या. पेटी बंद झाली ती तिच्यातील सर्वांत अलीकडच्या वस्तूच्या आधी नव्हे. या ठेव्यात यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. हा राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. करंडकाभोवती आठ कांस्यमूर्ती होत्या. घडणीवरून अभ्यासक त्या आठव्या-नवव्या शतकातील मानतात. म्हणजे मूर्ती ठेवल्या गेल्या तेव्हा बुद्धांना होऊन हजारावर वर्षे लोटली होती.

तुम्ही म्हणाल, तुकड्यांचेच वय मोजावे! भाजलेली माती तापवली असता तिच्यातून मंद प्रकाश बाहेर पडतो. त्यावरून ती केव्हा भाजली गेली, याचा अंदाज बांधता येतो. समजा, वय बुद्धकाळाशी जुळले. तरी त्यावरून भांडे कधीचे ते कळेल. कोणाचे ते कळणार नाही.

मग ग्रंथ खोटा म्हणायचा काय? तसेही नाही. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचे नाव आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये येथेच मिळाला. तेव्हा बंदर खरे, अशोकाची आज्ञा येथे कोरली गेली हे खरे, येथे बौद्धांची वस्ती होती हेही खरे. पण गाव खरे ठरले म्हणून त्या गावची प्रत्येक कथा खरी ठरत नाही. बायबलातील ओफिर म्हणजे सोपारा, असेही काहींनी सुचवले आहे. तेथेही मुख्य आधार नावांच्या साम्याचाच.

ग्रंथ कोणत्याही धर्माचा असो, ‘पुरावा सापडला’ असे वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. वस्तू कधीची आहे? सांगणारा घटनेपासून किती वर्षे दूर आहे? आणि त्या वस्तूवरून नेमके काय सिद्ध होते? श्रद्धा ठेवणे न ठेवणे ज्याच्या त्याच्या मनावर आहे. ‘हा इतिहास आहे’ असे म्हणणाऱ्याला मात्र या तिन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील.