जीपची पूजा आणि पुढचा अ‍ॅक्सल

विजयादशमीला दारातल्या जुन्या जीपलाही झेंडूची माळ चढते. परंतु तिचा पुढचा अ‍ॅक्सल झिजला असेल, तर माळेआधी दुरुस्ती हवी. कारण घाटातून देवदर्शनास निघालेल्या कुटुंबाचे प्राण त्यावरच विसंबलेले असतात.

पुढचे चाक जमिनीवरून उचलून वर-खाली धरून हलवावे. ते डुलले, तर बेअरिंग किंवा किंगपिन झिजले असे समजावे. तेवढे बदलून भागले तर उत्तम. अ‍ॅक्सलची नळीच वाकली वा तडकली असेल, तर संपूर्ण अ‍ॅक्सल बदलणे इष्ट.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. पुढील व मागील अ‍ॅक्सलच्या दातेरी चक्रांचे गुणोत्तर एकच असावे लागते. महायुद्धातील विलीस जीपचे ते ४.८८, तर १९४५ साली आलेल्या नागरी सीजे-२ए जीपचे ५.३८ होते. बाह्यरूप पाहून भलताच अ‍ॅक्सल बसविल्यास, चारही चाकांना गती देताच दोन्ही अ‍ॅक्सल परस्परांविरुद्ध ओढतात आणि ट्रान्सफर केसवर घातक ताण येतो.

काम करताना केवळ जॅकवर न विसंबता चासीखाली भक्कम आधार द्यावेत. यू-बोल्ट नवे घालावेत, ब्रेकमधील हवा काढावी. थोडे अंतर चालवून बोल्ट पुन्हा आवळावेत. मग खुशाल नारळ वाढवावा. वाहन निर्दोष राखणे, हीही पूजाच होय.